उचंत खातं

माणसाला एखादा तरी नाद असावा, असं आमचे अण्णा नेहमी म्हणतात. फक्त तो नाद आपला असावा, मुलाचा नसावा, ही अट त्यात गृहीत असते. मला नाद आहे कॉम्प्युटरचा. आता तुम्ही म्हणाल, बँकेतला माणूस, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतो, मग घरी येऊन पुन्हा तेच? पण बँकेतला कॉम्प्युटर हा कॉम्प्युटर नव्हे, ते कर्तव्य आहे. बँकेतला बंद पडला की काउंटरपलीकडची मंडळी माझ्यावर ओरडतात आणि आत कुठंतरी मला जरा बरं वाटतं. घरचा बंद पडला तर कोणीच ओरडत नाही, उलट घरात एकदम सलोख्याचं वातावरण पसरतं. माझा मात्र जीव खालीवर होतो. नादाची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

नाद लागला की मागोमाग मतं येतात. नातेवाइकांत मी 'त्यातला माणूस' समजला जातो. लग्नात बुफेच्या रांगेत कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवतोच. "मुलीला कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" मी हातात ताट धरून, जिलबी गार होईपर्यंत, प्रोसेसरपासून पंख्यापर्यंत सगळं समजावून सांगतो. तो मन लावून ऐकतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने सुचवलेला लॅपटॉप घेऊन येतो. तो लॅपटॉप बिघडला की पुन्हा माझ्याकडे येतो. मेव्हण्याकडे कोणी जात नाही.

तरी तुम्ही विचारलंच आहे, तर माझी दोन-चार मतं सांगून ठेवतो. पहिलं मत एसएमपीएसबद्दल. हा कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसणारा पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घेऊन ती ज्याला जेवढी सोसवेल तेवढी वाटायची, हे त्याचं काम. लोक प्रोसेसर कोणता ते विचारतात, रॅम किती ते विचारतात. या डब्याची चौकशी कोणी करत नाही. सगळी खरेदी झाल्यावर जे पैसे उरतात, त्यांत बसेल तो एसएमपीएस! आणि हा डबा गेला की एकटा जात नाही, जाताना मदरबोर्डालाही बरोबर नेतो. एकदा मी सौ.ला सांगितलं, "सगळं घर ज्याच्या जिवावर चालतं आणि खरेदीच्या वेळी ज्याला कोणी विचारत नाही, असा हा भाग." ती म्हणाली, "समजलं. मीही तुमच्याच घरात राहते."

दुसरं मत हार्ड डिस्कबद्दल. दुकानदार सांगतो, एक टीबी. घरी आणून जोडली की पडद्यावर दिसतात ९३१ जीबी. पहिल्यांदा मला वाटलं, बाकीच्या वाटेत सांडल्या. खरा प्रकार असा, की बनवणारा एकावर बारा शून्यं इतके बाइट मोजून देतो आणि त्याला एक टीबी म्हणतो. विंडोज मात्र जीबी मोजताना हजाराने न भागता १०२४ ने भागतं, तेही तीनदा. दोघांचाही हिशेब बरोबर, आणि ६९ जीबी गायब! कॉमर्सच्या माणसाला यात नवल वाटू नये. आम्ही याला उगमस्थानी कपात म्हणतो. फक्त इथं फॉर्म सोळा मिळत नाही आणि परतावाही मागता येत नाही.

तिसरं मत खेळांबद्दल, आणि ते जरा अडचणीचं आहे, कारण ग्राफिक कार्ड मी 'चिरंजीवांच्या अभ्यासासाठी' घेतलं होतं. चिरंजीव सेकंदाला १४४ चित्रं दिसतील असे बंदुकीचे खेळ खेळतात. मी त्यांच्याबरोबर एकदा बसलो. सुरुवात झाली, मी चष्मा नीट केला, तेवढ्यात मी मेलो होतो. तेव्हापासून मी आपला ट्रक चालवतो. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' नावाचा २०१२ सालचा खेळ आहे. डोंबिवलीच्या लोकलमधून एका पायावर उभा राहून घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि मग जर्मनीतल्या मोकळ्या रस्त्यावरून माल भरलेला ट्रक न्यायचा. एकटा! शेजारी कोणी नाही, चौथी सीट नाही. या खेळात ट्रक घ्यायला बँकेचं कर्जही मिळतं. जामीनदार नको, पगाराची स्लिप नको, की 'उद्या या' नाही. दिवसभर मी लोकांना जे देऊ शकत नाही, ते रात्री मला मिळतं. हप्ता मात्र रोजचा रोज कापला जातो. तेवढी बँक खरी वाटते.

चौथं मत घरबसल्या खरेदीबद्दल. पूर्वी सुटा भाग हवा असला की लॅमिंग्टन रोडवर जायचं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, दहा दुकानांत भाव विचारायचा आणि पहिल्याच दुकानात घ्यायचं. आता रात्री अकराला पांघरुणात घेता येतं. 'फक्त २ शिल्लक' असं लाल अक्षरांत दिसतं, म्हणून आपण धावतपळत घेतो; दुसऱ्या दिवशी बघावं तर अजून दोनच शिल्लक. खाली गिऱ्हाइकांची मतं असतात. एकाने पाच तारे देऊन लिहिलेलं मी वाचलंय, 'छान आहे, अजून उघडलं नाही.' आणि विनाव्याज हप्ते! व्याजाएवढी सूट किमतीत आधीच धरलेली असते, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी आपण भरतो आणि वर प्रक्रिया शुल्क. शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच परिपत्रक काढून बँकांना बजावलं आहे. ते परिपत्रक मी स्वतः फाइलला लावलं आहे. आणि तरीही बारा विनाव्याज हप्त्यांत ग्राफिक कार्ड घेतलं आहे. नाद म्हणतात तो यालाच.

आता गंमत अशी, की हा नाद मला लावला अण्णांनीच. आणि अण्णा तर कॉम्प्युटरचे जुने वैरी.

अण्णाही बँकेत क्लार्क होते. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांत यंत्रं आणायची योजना मांडली, तेव्हा अण्णा युनियनमध्ये होते. छातीवर बिल्ला लावून, गेटसमोर उभं राहून त्यांनी कॉम्प्युटरविरुद्ध घोषणा दिलेल्या आहेत. मी तेव्हा पाच वर्षांचा. घरी येऊन ते आईला सांगत, "एक यंत्र दहा माणसं खाणार." कित्येक दिवस मी कॉम्प्युटरला दात असतात असं समजत होतो.

१९९९ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री जेवताना अण्णा एकदम म्हणाले, "तुला तो कॉम्प्युटर हवाय ना? सोसायटीचं कर्ज मंजूर झालंय." बेचाळीस हजार रुपये! ते फेडायला त्यांना तीन वर्षं लागली. जामीन राहिले ते दोघे, ज्यांनी गेटवर फलकाची एक-एक काठी धरली होती. आम्ही बापलेक लॅमिंग्टन रोडला गेलो. सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. आजच्या फोनमधला एक व्हिडिओ त्यात मावला नसता. परत येताना लोकलच्या मालडब्यात भाजीच्या पाट्यांमध्ये उभे होतो. मॉनिटर अण्णांनी पोटाशी धरला होता, लहान मूल धरावं तसा. एका भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "टीव्ही घेतला का?" अण्णा म्हणाले, "नाही, शत्रू घेतला."

त्या प्रोसेसरची एक ख्याती होती. तीनशे मेगाहर्ट्झचा म्हणून विकलेला तो तुकडा, मदरबोर्डावर बसचा वेग ६६ वरून १०० केला, की बहुतेक वेळा बिनबोभाट ४५० वर चालायचा. मीही तसं केलं. अण्णांना सांगितलं तर ते अस्वस्थ झाले. "म्हणजे ग्रेड एकाची आणि काम दुसऱ्याचं? ऑफिशिएटिंग अलाउन्स देतोस का त्याला?"

पुढे २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. अण्णांच्या शाखेत तोवर कॉम्प्युटर बसले होते. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. लेजरच्या पानावर खाडाखोड नाही. त्या अक्षराला आता काम उरलं नव्हतं. त्यांनी अर्ज दिला आणि ३१ मार्च २००१ ला घरी आले. १ एप्रिलला सकाळी दहा वाजता, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "दाखव रे, हे यंत्र कसं चालतं ते. बघू तरी कोणाला हरलो."

मी काय दाखवणार? माउस धरायला शिकावा म्हणून पत्त्यांचा डाव लावून दिला. त्यात फ्रीसेल नावाचा खेळ होता. बावन्नच्या बावन्न पत्ते पहिल्यापासून उघडे, आठ ओळींत मांडलेले. बाजूला चार मोकळी घरं, त्यांत अडलेला पत्ता तात्पुरता ठेवायचा. शेवटी एक्क्यापासून राजापर्यंत चारी रंग लावून द्यायचे. अण्णांना तो ताबडतोब पटला. "यात लपवाछपवी नाही. सगळं खातं उघडं. सुटलं नाही तर चूक आपली, दैवाची नाही." तेव्हापासून रोज दहाच्या ठोक्याला अण्णा कॉम्प्युटरवर. शेजारी एक लांबट वही असे. मला वाटायचं, दूध-पेपरचा हिशेब असेल.

घरात पुढे नवे कॉम्प्युटर आले, पण अण्णांचा तो अण्णांचाच राहिला. कॅबिनेट १९९९ चं, आतला संसार मी दोनदा बदलला. शेवटचा २०१० साली, विंडोज ७ घालून. मधे एकदा विंडोज एक्सपी घातलं, तेव्हा अण्णा वैतागून म्हणाले होते, "अरे, इथं डावांचे नंबर बत्तीस हजारांपर्यंत होते, ते दहा लाख कसे झाले? मी बत्तीस हजारांनाच मान्यता दिली होती." मी 'हो हो' म्हटलं आणि विसरलो. माणूस आपल्या नादात असला की दुसऱ्याचा नाद त्याच्या कानावर पडतो, आत शिरत नाही.

आता २०२५ सालच्या ऑक्टोबरात येऊ. १४ ऑक्टोबरला विंडोज १० नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालं. माझा स्वतःचा कॉम्प्युटर २०१६ चा, त्याला विंडोज ११ चालेना. कारण काय, तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीनंतरचा हवा. आमचा सहाव्या पिढीचा. चांगला धट्टाकट्टा, ट्रक ओढणारा. पण पत्रिका जुळली नाही. मग मी घरात योजना मांडली. मला आणि चिरंजीवांना नवा कॉम्प्युटर, माझा जुना अण्णांना, आणि अण्णांचा तो पुरातन डबा ई-कचऱ्यात.

अण्णा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "का? त्याला काय झालंय?"

"अण्णा, विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपली. सहावं वर्ष चालू आहे त्याला."

"माझी नोकरी २००१ साली संपली," अण्णा म्हणाले. "मला कुठं टाकताय?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो ऐकला नाही असं दाखवलं आणि सुटे भाग मागवायला घेतले. मेमरीचा भाव जरा चढा वाटला, म्हणून ती नुसती टोपलीत टाकून ठेवली. म्हटलं दिवाळीत उतरेल. पण जगभर एआयसाठी मोठमोठी गोदामं उभी राहत होती आणि कारखान्यांची मेमरी तिकडे चालली होती. रोज रात्री मी टोपली उघडून बघायचो आणि रोज भाव वर. टोपलीतली रॅम माझ्या मुदत ठेवीपेक्षा जोरात वाढली. डिसेंबरात तर मायक्रॉनसारख्या कंपनीने क्रूशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना मेमरी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ठेव म्हणून मेमरीच घ्यायला हवी होती, हे मला अठरा वर्षं नोकरी करून कळलं नव्हतं.

बाकीचा माल आला. कॅबिनेट चिरंजीवांनी पसंत केलं होतं. एका बाजूला काच आणि आत रंग बदलणारे दिवे. चित्र दाखवल्यावर अण्णांनी विचारलं होतं, "यात मूर्ती कुठं बसवायची?" मूर्तीचा प्रश्न उरला नाही. खोकं उघडताना व्हिडिओ काढायचा असतो, म्हणून मी फोन धरला, सौ.ने कात्री धरली, चिरंजीवांनी निवेदन सुरू केलं आणि आतून काचेचा दाणा-दाणा सांडला. परत न्यायला मुलगा आला. म्हणाला, "काका, वस्तू मूळ अवस्थेत असली तरच परत घेता येते." मी म्हटलं, "अहो, हीच मूळ अवस्था. आली तीच फुटून." मग फोटो पाठवा म्हणाले. पाठवला, तर उत्तर आलं, 'वस्तू फोटोत पूर्ण दिसत नाही.' पूर्ण असती तर फोटो कशाला काढला असता? दोन आठवडे पत्रव्यवहार झाला. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार शिवी देईल, पण काउंटरवर बदलून देईल, हे माझं पाचवं मत.

दरम्यान माझा जुना कॉम्प्युटर मी अण्णांसमोर नेऊन ठेवला. अण्णांनी दहाच्या ठोक्याला चष्मा लावला आणि पत्ते शोधले. आता विंडोज ८ पासून ते जुने पत्त्यांचे खेळ काढूनच टाकले आहेत. विंडोज १० मध्ये त्यांच्याऐवजी नवा संच येतो. दिसायला देखणा, पण मधूनमधून जाहिरात लावतो आणि जाहिरात नको असेल तर वर्गणी मागतो. अण्णांनी एक डाव खेळला. जाहिरात आली. ती संपेपर्यंत ते हाताची घडी घालून बसले आणि मग उठून, वही काखेत मारून, आपल्या जुन्या डब्याकडे गेले. "डाव चालू असताना मधे माल विकायला येतात," ते म्हणाले. "आमच्या वेळी काउंटरच्या आत फेरीवाल्याला येऊ देत नव्हते."

मी जरा चिडूनच म्हटलं, "अण्णा, पत्तेच तर आहेत. कुठंही खेळलं तरी तेच."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली.

ती दूध-पेपरची वही नव्हती. ती एकूण नऊ वह्यांतली शेवटची वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने. तारीख, डाव क्रमांक, किती खेपांत सुटला, शेरा, सही. पहिली नोंद १ एप्रिल २००१, डाव क्रमांक १. दुसऱ्या दिवशी क्रमांक २. एकही नंबर गाळलेला नाही. रोज एक डाव. रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला तीन. तेच मोत्यासारखं अक्षर, खाडाखोड नाही. बँकेला नको झालेलं ते अक्षर पंचवीस वर्षं इथं कामावर हजर होतं, आणि मी एकाच घरात राहून ते बघितलं नव्हतं. मी पानं मागे उलटत गेलो. २०१९ च्या जुलैत तेरा ओळी कोऱ्या होत्या, नुसत्या तारखा. आई गेली ते दिवस. चौदाव्या दिवशी क्रमांक पुढे चालू.

"म्हणजे तुम्ही बत्तीस हजार...?"

"सगळे," अण्णा म्हणाले. "तू पहिल्यांदा लावून दिलंस ना, तेव्हा त्याच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं. प्रत्येक डाव सुटतो असं मानलं जातं, पण सिद्ध झालेलं नाही. म्हटलं, तपासून बघू. यंत्राने माझं काम तपासलं, आता मी यंत्राचं तपासतो."

मी शेवटची ओळ बघितली. डाव क्रमांक ११९७४. आणि माझ्या पोटात गोळा आला.

आम्हा नादिष्ट मंडळींना काही आकडे पाठ असतात. १९९४ साली डेव्ह रिंग नावाच्या माणसाने हेच बत्तीस हजार डाव शंभर-शंभरच्या वाटण्या करून स्वयंसेवकांकडून सोडवून घ्यायला सुरुवात केली. माणसांनी सोडवले, पुढे कॉम्प्युटरनेही तपासले. सगळे सुटले. एक सोडून. त्याचा क्रमांक ११९८२.

आठ डाव उरले होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पंचवीस वर्षं, एकही नंबर न गाळता, न सुटणाऱ्या डावाच्या आठ पावलं अलीकडे उभा होता. आणि त्याला हे ठाऊक असलेला घरातला एकमेव माणूस मी, 'त्यातला माणूस'!

जुना कॉम्प्युटर टाकायचा विषय त्या दिवशी संपला. पण आता सांगायचं की नाही? रात्री सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "सांगून टाका. उगीच त्रास करून घेतील." चिरंजीव म्हणाले, "बाबा, गेमचा शेवट सांगायचा नसतो." मी दोघांचंही ऐकलं, म्हणजे काहीच केलं नाही. बँकेत याला प्रकरण विचाराधीन ठेवणं म्हणतात.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी ११९८२ उजाडला. दहाचे बारा वाजले, बाराचे दोन. अण्णा जेवायला उठेनात. संध्याकाळी मी आलो तर ते कागदावर पत्ते मांडून बसलेले. जुन्या काळी बँकेत दहा पैशांचा फरक आला की सगळी शाखा रात्रभर थांबायची. लहानपणी अशा कित्येक रात्री आई ताट झाकून बसलेली मी पाहिली आहे. तसेच अण्णा आता बसले होते, फक्त ताट झाकायला आई नव्हती. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आठवडा उलटला. ते नीट जेवेनात, रात्री दोनला खोलीत उजेड दिसे. नवव्या दिवशी मी हिय्या करून दारात गेलो.

"अण्णा, त्या डावाचं एक सांगायचं होतं..."

"सांगू नकोस," मान न वळवता अण्णा म्हणाले. "उत्तर सांगितलंस तर मी सही कशी करू?"

त्यांना वाटलं, मला उत्तर ठाऊक आहे. मी परत फिरलो. उत्तर नाही हेच उत्तर आहे, हे कसं सांगतात ते बी.कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी मी बँकेत जायला निघालो, तर अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. हातात वही. "पेन आहे का? इथं सही कर."

मी वाचलं. 'डाव क्र. ११९८२. फरक मिळत नाही. उचंत खाती वर्ग.' खाली अण्णांची सही आणि शेजारी एक मोकळी जागा.

"उचंत खात्याला दोन सह्या लागतात," अण्णा म्हणाले. "फरक सापडला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बँक उघडायची थांबते का? रक्कम उचंतीत टाकायची आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं. सापडेल तेव्हा सापडेल."

मी सही केली. अठरा वर्षांच्या नोकरीत माहीत असून न माहीत असल्यासारखी केलेली ही माझी एकमेव सही, आणि तिच्याबद्दल कोणी खुलासा मागितला तर मी द्यायला तयार आहे. सही करताना पुढची ओळ दिसली. डाव क्र. ११९८३, सुटला, पहिल्या खेपेत.

संध्याकाळी मी हिशेब केला. आपल्याकडे आयकरात कॉम्प्युटरवर चाळीस टक्के घसारा धरतात, घटत्या शिलकेच्या पद्धतीने. त्या दराने अण्णांच्या बेचाळीस हजारांची किंमत सव्वीस वर्षांनी उरते सात पैसे. पण या पद्धतीचा एक गुण आहे, शिल्लक कधी शून्यावर येत नाही. मग दुसरा हिशेब केला. उरलेले डाव २०,०१८. वर्षाला सरासरी ४८७ प्रमाणे लागतील एकेचाळीस वर्षं. म्हणजे हा डबा २०६६ पर्यंत चालायला हवा. नव्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून मी त्याच रात्री आधी अण्णांच्या डब्याला उत्तमातला उत्तम एसएमपीएस मागवला. तोही सगळ्या खरेदीच्या सुरुवातीला, उरलेल्या पैशांतून नव्हे. यावेळी माल धड आला.

जोडून झाल्यावर अण्णांना सांगितलं, "आता काळजी नाही. याला दहा वर्षांची गॅरंटी आहे."

अण्णांनी खोक्यावरचा कागद हातात घेतला, चष्मा वर करून नीट वाचला आणि माझ्याकडे बघत म्हणाले,

"दहाच?"